घरी बांधलेलं इंजिन वाजायला लागलं तर: ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं काम पुन्हा कसं करायचं

घरच्या शेडमध्ये बांधलेलं इंजिन काही तास बरं चाललं आणि मग खालच्या बाजूने ठोका यायला लागला, तर पहिलं काम एकच: इंजिन बंद करा. ‘जरा रेस देऊन बघू’, ‘शेतापर्यंत तर जाऊन येऊ’ हे नको. बेअरिंगचे शेल, म्हणजे क्रँक ज्यांत फिरतो त्या अर्धगोल पातळ पट्ट्या, तुलनेने स्वस्त असतात. त्यांच्या पुढे क्रँक ग्राइंडिंगचा खर्च येतो, आणि रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) तुटून ब्लॉकला भोक पडलं की हिशेबच संपतो. या तीन पायऱ्यांमधलं अंतर कधीकधी काही मिनिटांचंच असतं.

हा लेख दोन-तीन-चार सिलिंडरच्या साध्या डिझेल ट्रॅक्टरबद्दल आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात दारोदारी दिसतात तेच. आपल्याकडे इंजिन घरी बांधायची वेळही ठरलेली असते: जूनच्या चिखलणीआधी, नाहीतर कारखान्याचा हंगाम सुरू होऊन उसाच्या ट्रॉल्या जुंपण्याआधी. तारीख डोक्यावर असते, गावातला एखादा जाणता मिस्त्री मदतीला असतो, आणि काम घाईत उरकलं जातं. घरी इंजिन बांधण्यात गैर काहीच नाही. मापं घेतली आणि स्वच्छता पाळली, तर शेतकऱ्याच्या हातचं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. ज्यांचं पहिल्या खेपेला बिघडलं, त्यांनी दुसऱ्या खेपेला काय करायचं ते इथे सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठाम सांगतो. नव्या कामानंतर लगेच गेलेलं बेअरिंग हे बहुधा स्वतःच्या दोषाने गेलेलं नसतं. आधीच्या कामात काहीतरी राहून गेलेलं असतं आणि त्याची खूण त्या शेलवर उमटलेली असते. ती खूण न बघता नवा सेट आणून बसवला, तर तोही तसाच जातो. म्हणून दुकानात जायच्या आधी जुने शेल नीट बघायचे.

खोलायच्या आधी

तेलाची कांडी काढा. पातळी वाढलेली दिसली तर तेलात डिझेल किंवा पाणी उतरतंय. तेल बोटांत चोळून वास घ्या, डिझेल लगेच कळतं. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं झालं असेल तर पाणी. वेट लायनरच्या (सिलिंडरची बाही, जिला बाहेरून थेट पाणी लागतं) इंजिनात लायनरच्या खालच्या ओ-रिंगा बसवताना कापल्या गेल्या की पाणी सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, येतं. घरच्या कामात हा दोष नेहमी सापडतो.

डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझलेला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो दिवा फार कमी प्रेशरला विझतो. दिव्याचा स्विच काढून तिथे साधं मेकॅनिकल गेज लावा. इंजिन गरम असताना दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो प्रेशर, हा जुन्या मिस्त्र्यांचा ढोबळ अंदाज आहे. खरा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातला.

ठोका कोणत्या सिलिंडरचा हे शोधायचं असेल आणि गेजवर प्रेशर नीट असेल, तरच इंजिन अर्धा मिनिट स्लोवर चालू ठेवा. एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडायचं. ज्याचं तोडल्यावर ठोका मवाळ होतो, त्या रॉडचं बेअरिंग वाजतंय. मेन बेअरिंगचा (ब्लॉकमध्ये क्रँकला धरणारं) आवाज जास्त खोल, दबका असतो, लोड आल्यावर वाढतो, आणि एक सिलिंडर तोडून त्यात सहसा फारसा फरक पडत नाही. हे करताना डोळ्यांना चष्मा आणि नटावर जाड फडकं हवंच. प्रेशरखालची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. तसं झालं तर घरी मलम लावत बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘डिझेल प्रेशरने आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. कॉमन रेलच्या नव्या इंजिनावर तर पाइपचा नट कधीच सैल करायचा नाही. तिथलं प्रेशर कित्येक पटींनी जास्त असतं.

तेल काढताना स्वच्छ, फिक्या रंगाचं प्लॅस्टिकचं टब घ्या आणि ते उन्हात बघा. सोनेरी किंवा चंदेरी चकाकी तरंगत असेल तर ती बेअरिंगची धातू. तिच्यातून लोहचुंबक फिरवा. बेअरिंगचं अस्तर तांबं-शिसं किंवा अ‍ॅल्युमिनियम-कथील यांचं असतं, ते चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं ते लोखंड, म्हणजे क्रँक, रिंग, लायनर किंवा गिअर यांपैकी कशाची तरी झीज. फिल्टरही खोला. कागदी एलिमेंट असेल तर त्याच्या घड्या उलगडून बघा. डब्याचा फिल्टर असेल तर पत्रा कापायच्या कात्रीने कापा. हॅक्सॉ लावू नका, त्याचाच कीस आत पडतो आणि निदान चुकतं.

खोलताना

काही ट्रॅक्टरांत चेंबर बिडाचं असतं आणि पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन त्यावर येतं. असं चेंबर उतरवायचं म्हणजे ट्रॅक्टरला दोन्हीकडून भक्कम आधार हवा. नुसत्या जॅकवर ठेवून कुणी खाली शिरू नये. लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावा, मागच्या चाकांना आडवे दगड लावा, आणि आधी हलवून बघा.

बेअरिंगच्या कॅपवर (शेलला बोल्टने आवळून धरणारा अर्धा भाग) बहुधा नंबर कोरलेले असतात. नसतील तर पेंटने खुणा करा, छिन्नीचे घाव घालू नका. रेडिएटरच्या बाजूचा पहिला सिलिंडर, हीच मोजणी कायम ठेवा. प्रत्येक रॉडची कॅप त्याच रॉडची, आणि त्याच दिशेने. कारखान्यात दोन्ही एकत्र बसवून बोअर केलेली असतात, म्हणून अदलाबदल चालत नाही. शेल काढले की न पुसता मोबाइलवर फोटो घ्या, मग अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने मांडा: वरचा शेल, खालचा शेल, नंबर लिहून. पोरं किंवा मदतीला आलेले शेजारी चांगल्या मनाने सगळे शेल एका डब्यात रॉकेलमध्ये टाकतात आणि सगळा पुरावा धुऊन जातो. त्यांना आधीच सांगून ठेवा.

शेल काय सांगतात

या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ट्रे उजेडात ठेवा, भिंग असेल तर घ्या, आणि एकटा खराब शेल न बघता सगळे शेल शेजारीशेजारी बघा. एकच गेलाय की सगळे गेलेत, यावरच अर्धं निदान होतं.

शेलवर गोलाकार बारीक रेघा असतील, मधे काळे-पांढरे कण रुतलेले असतील, तर तेलातून घाण फिरली. घरच्या कामात बेअरिंग जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. शेलच्या वरचा मऊ थर ट्रायमेटल (तीन थरांच्या) बेअरिंगमध्ये जेमतेम २०-२५ मायक्रॉन जाडीचा असतो. बारीक कण तो स्वतःत रुतवून घेतो, पण मोठा कण क्रँकलाच घासत राहतो. घाण येते कुठून? खानापूरकडची तांबडी माती वाऱ्याबरोबर शेडमध्ये येते. शेजारी मळणी चालू असली तर भुसा उडतो. कॉटन वेस्टचे धागे जाळीत अडकतात. होनिंग केलेल्या (दगडाने आतून घासलेल्या) लायनरमधली दगडाची पूड तर सगळ्यात वाईट, कारण ती डोळ्याला दिसत नाही. डिझेलने किंवा रॉकेलने ती पुरती निघत नाही. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश लागतो. नंतर कोरडं करून तेलाचा हात द्यायचा आणि पांढऱ्या फडक्याने पुसायचं. फडकं करडं होत असेल तर पुन्हा धुवायचं.

मऊ थर पुसून गेलाय, तांबूस रंग उघडा पडलाय, धातू वितळून कडेला सरकलीय आणि क्रँकची पिन (शेल ज्यावर बसतो तो गोल भाग) निळी-काळी पडलीय, तर तिथे तेल पोचलं नाही. सगळ्याच बेअरिंगांची अशी दशा असेल तर दोष मुळाशी आहे: ऑइल पंप, पंपाची जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह, किंवा पहिल्यांदा चालू करताना प्रेशर न चढवणं. जाळी हातात घेऊन बघा. चेंबरला लावलेली सिलिकॉन पेस्ट जास्त झाली की आतल्या बाजूला तिच्या शेवया बाहेर येतात, तुटतात आणि थेट जाळीवर जाऊन बसतात. एकाच मेन बेअरिंगची अशी दशा असेल तर तेलाचं भोक तपासा. अनेक इंजिनांत मेन बेअरिंगच्या वरच्या शेलला भोक आणि खाच असते, खालच्याला नसते. वरचा-खालचा बदलला गेला की ब्लॉकमधलं तेलाचं तोंडच बंद होतं. त्या मेनवरून ज्या रॉडला तेल जातं तो रॉडही मग कोरडा पडतो.

शेलची पाठ बघायला विसरू नका. पाठ आरशासारखी घासून चकचकीत झाली असेल, तर शेल घरात (तो बसतो त्या गोल जागेत) घट्ट बसलेला नव्हता, हलत होता. शेलच्या दोन्ही अर्ध्या मुद्दाम किंचित उंच ठेवलेल्या असतात. कॅप आवळली की त्या दाबल्या जातात आणि घरात पक्क्या बसतात. कॅपचे बोल्ट अंदाजाने आवळले, कॅपखाली कचरा राहिला, किंवा शेलची गादीच ढिली असली की हा दाब मिळत नाही. असा शेल शेवटी घरात फिरतो, त्याचा कान (खाचेत अडकणारा छोटा उंचवटा) तुटतो, तेलाचं भोक झाकलं जातं, आणि पुढचं सगळं त्याच मिनिटात घडतं. काही गावठी उपाय अजून चालतात: शेलमागे सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालणं, कॅप घासून ‘टाइट’ करणं. दोन्ही पूर्ण बंद करा. चांदीमुळे शेलची उष्णता ब्लॉकमध्ये जात नाही, आणि घासलेल्या कॅपचं घर गोल राहत नाही.

एकाच कडेला झीज असेल, तर ग्राइंडिंग करताना पिनच्या कोपऱ्याची गोलाई जास्त ठेवली गेली आणि शेलची कड तिच्यावर चढली, असं होऊ शकतं. वरच्या शेलची एक कड आणि खालच्याची विरुद्ध कड झिजली असेल तर रॉड वाकलाय. मेन बेअरिंगांमध्ये मधला सर्वात जास्त आणि टोकाचे कमी झिजले असतील तर क्रँक वाकलाय, किंवा पूर्वी इंजिन तापून ब्लॉकचीच मेन लाइन सरकलीय. ही तिन्ही कामं घरची नाहीत. पृष्ठभागावर काळपट खड्डे असतील तर तेलात पाणी किंवा आम्ल गेलंय. पुन्हा लायनरच्या ओ-रिंगांकडे बघा.

आता मापाची चूक. घरच्या कामात हीही वरचेवर होते. क्रँक आधी कधीतरी दहा साइज झालेला असतो, म्हणजे ०.०१० इंच, ०.२५ मिमीने बारीक. नवीन सेट येतो स्टँडर्ड. इंजिन पहिल्या स्टार्टपासूनच वाजतं आणि प्रेशर चढत नाही. उलट वीस साइजचा शेल दहा साइजच्या पिनवर बसवला तर क्रँक फिरतच नाही. मग कुणीतरी बोल्ट ढिले ठेवतो आणि ‘चालल्यावर बसेल’ म्हणतो. बसत नाही. शेलच्या पाठीवर माप कोरलेलं असतं, स्टँडर्ड, ०१०, ०२० किंवा मिलिमीटरमध्ये ०.२५, ०.५०. आणि हे लक्षात ठेवा की मेन आणि रॉड यांचं ग्राइंडिंग वेगवेगळं होतं. मेन दहा साइजला आणि रॉड वीस साइजला, असं सहज असू शकतं. एकाचं माप बघून दोन्हीचे सेट मागवू नका.

मापं

मायक्रोमीटर हवा. व्हर्नियर कॅलिपरने हे काम होत नाही. स्वतःकडे नसेल तर लेथवाल्याकडे क्रँक घेऊन जा, पण मापं समोर उभं राहून घ्या आणि कागदावर लिहून घ्या. प्रत्येक पिन दोन ठिकाणी मोजायची, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. दिशा बदलल्यावर फरक आला तर पिन लंबगोल, जागा बदलल्यावर आला तर निमुळती. फरक पुस्तकातल्या मर्यादेबाहेर असेल, किंवा पिनवरून नख फिरवताना रेघेत अडकत असेल, तर ग्राइंडिंग करावंच लागेल. एमरी पेपर हाताने फिरवून रेघा घालवायचा मोह होतो. त्याने रेघ जाते आणि गोलाई बिघडते.

ज्या रॉडचा शेल फिरलाय त्याचं घरही मोजा. शेल न घालता कॅप लावायची, पूर्ण टॉर्कने (पुस्तकात दिलेल्या जोराने) आवळायची आणि आतला व्यास तीन दिशांनी घ्यायचा. गोल नसेल तर रॉड दुरुस्त करून घ्या किंवा बदला. हे न करता नवा शेल घातला तर तो पुन्हा फिरेल. नेमकं हेच पुष्कळजण विसरतात.

लेथवर आणि दुकानात

क्रँक ग्राइंडिंगसाठी आपल्या भागाला लांब जावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. आज उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप दाटीने आहेत. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरही जवळ पडतं. कुठेही जा, पण क्रँक टेकवून ‘किती होतील’ एवढंच विचारून परत येऊ नका. ग्राइंडिंगवाला तुमच्याशी मापांवर नीट बोलतो की नाही, त्यावरच त्याच्या कामाची परीक्षा होते.

त्याला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण सगळ्या महत्त्वाच्या. “अण्णा, आधी क्रॅक बघा, मग ग्राइंडिंग.” क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून सरळ आहे का तेही बघायला सांगा. कोपऱ्यांची गोलाई मूळ होती तेवढीच हवी, कमी केली तर क्रँक तिथूनच तुटतो. तेलाच्या भोकांच्या कडा बोथट करून पॉलिश करायचं. आणि शक्य असेल तर शेलचा सेट, रॉड आणि कॅप सोबत द्या, म्हणजे तो शेल बसवून क्लिअरन्सप्रमाणे (पिन आणि शेलमधली फट) पिन काढेल. मशीनवर कन्नड बोलणारा कारागीर असेल तर “अळती एष्टु बंतु?” (माप किती आलं?) एवढं विचारता आलं तरी तो आकडे दाखवतो. ते आकडे बिलावर लिहून घ्या. काही क्रँक वरून कडक केलेले असतात आणि फार खाली घासले की तो कडक थर जातो. पुस्तकात दिलेल्या शेवटच्या साइजच्या खाली जायचा कुणी आग्रह केला तर ऐकू नका. तिथे नवा क्रँकच घ्यायचा.

सुटे भाग घेताना पक्कं बिल घ्या. सीमेवर राहणाऱ्यांना सवय असते, जिथे मिळेल तिथून घ्यायची. पण सेट चुकीच्या मापाचा निघाला तर बदलून कोण देणार हे आधी विचारा, कारण कोल्हापूरला दुसरी खेप म्हणजे दिवस गेला. दुकानातच खोका उघडून प्रत्येक शेलच्या पाठीवरचं माप वाचा. रॉडचे बोल्ट-नट नवीनच घ्या. आवळताना ते ताणले जातात, आणि थोडे पैसे वाचवायला जुना बोल्ट लावला तर तो पूर्ण इंजिन घेऊन जाऊ शकतो.

धुणं

बेअरिंग फुटून धातू तेलात फिरली असेल तर ती इंजिनभर गेलीय असं समजा. ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेचे प्लग काढा, लांब ब्रश आत-बाहेर करा, डिझेल ओता, मग गरम साबणाचं पाणी, मग हवा. क्रँकच्या आतल्या आडव्या भोकांना प्लग असतील तर तेही काढायचे. त्यात चिखलासारखा गाळ अडकलेला असतो, आणि ग्राइंडिंगची पूडही तिथेच राहते. ऑइल कूलर असेल तर तो आतून पुरता धुतला जाण्याची खात्री नसते. जमलं तर बदला. फिल्टरचं घर, पाइप, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि गोळी, पंपाचे गिअर, सगळं उघडून बघा. पंपाच्या आत रेघा पडल्या असतील तर पंप बदला.

हवा मारायला बरेचजण पंक्चरच्या दुकानात ब्लॉक नेतात. तिथल्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, पावसाळ्यात तर फारच. आधी टाकीचं पाणी सोडायला सांगा. धुतलेलं प्रत्येक लोखंड त्याच तासाला तेलाने पुसा. जून-जुलैच्या हवेत क्रँकवर रात्रीत गंज चढतो.

बसवणं

बसवायचा दिवस वेगळा ठेवा. शेड आदल्या दिवशी झाडून पाणी मारून घ्या, त्या दिवशी झाडू लावू नका. जमिनीवर ताडपत्री, टेबलावर स्वच्छ कापड. धागे सुटणारं कॉटन वेस्ट नको, धुतलेली जुनी सुती धोतरं-साड्या उत्तम.

शेलची पाठ आणि त्याचं घर पूर्ण कोरडं, तेलाचा थेंब नाही. तेल फक्त पिनच्या बाजूला. कान खाचेत बसला का, तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं का, हे प्रत्येक शेलला बोट लावून बघा. थ्रस्ट वॉशरची (क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणारी चकती) खाचांची बाजू क्रँककडे हवी.

क्लिअरन्स प्लॅस्टिगेजने मोजता येतो. ही मेणासारखी बारीक दोरी ऑटो पार्ट्सच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. हिरवी साधारण ०.०२५ ते ०.०७५ मिमी मोजते, लाल ०.०५ ते ०.१५. इथे पिन आणि शेल दोन्ही कोरडे ठेवायचे, दोरी पिनवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची आणि क्रँक अजिबात न फिरवता कॅप काढायची. चपटी झालेली दोरी पाकिटावरच्या पट्ट्यांशी ताडून बघा. पिनच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला एक मायक्रॉन, म्हणजे ५० मिमीच्या पिनला सुमारे ०.०५ मिमी, हा अंदाज डोक्यात ठेवा. निर्णय पुस्तकातल्या आकड्यावर घ्या. दोरी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद झाली तर पिन निमुळती आहे, काम तिथेच थांबवा.

टॉर्क पाना हवाच. हाताचा अंदाज कितीही चांगला असला तरी बोल्टचे आटे कोरडे की तेलकट यावर ताण बदलतो, आणि तो हाताला कळत नाही. पुस्तकात आट्यांना तेल लावायला सांगितलं असेल तर लावा, नसेल तर लावू नका. दोन-तीन टप्प्यांत, मधल्या मेनपासून बाहेर. आणि प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. ज्या कॅपनंतर जड झाला, दोष त्याच कॅपमध्ये. सगळं आवळून झाल्यावर जाम आहे असं कळलं तर शोधायला सकाळपासून संध्याकाळ. शेवटी क्रँक पुढे-मागे सरकवून एंड प्ले (तो किती सरकतो ते) डायलने किंवा फिलरने मोजा.

चेंबरला सिलिकॉन लावायचंच असेल तर बारीक रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने.

पहिला स्टार्ट

ऑइल पंप बसवण्याआधी त्यात तेल भरा, फिल्टरमध्येही जमेल तेवढं भरा. पुस्तकातल्या ग्रेडचं नवीन तेल घाला. मेकॅनिकल गेज लावलेलाच ठेवा. मग स्टॉपची दोरी ओढून धरून, डिझेल बंद ठेवून, स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, मधे थांबून स्टार्टर थंड होऊ द्या. गेजचा काटा उचलला की मगच डिझेल सोडायचं. काही खेपांनंतरही काटा हलला नाही तर ‘चालू झाल्यावर येईल’ म्हणून चालू करू नका. पंप किंवा जाळी हवा ओढतेय, ती शोधा.

चालू झाल्यावर १०००-१२०० आरपीएमवर ठेवा, तेल-पाण्याची गळती बघा, गरम झाल्यावरचं प्रेशर लिहून ठेवा. नवीन इंजिन दिवसभर स्लोवर चालत ठेवायची जुनी पद्धत सोडून द्या. त्यात रिंगा बसत नाहीत आणि तेलाचं प्रेशरही सगळ्यात कमी असतं. हलकं आणि बदलतं काम द्या: कुळव, रिकामी ट्रॉली, थोडी नांगरट. उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या मोठ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ओढणं हे बेअरिंगवर सर्वात मोठं ओझं असतं. सुरुवातीच्या तासांत ते नकोच, आणि नंतरही चढाला एक गिअर खाली टाकावा. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती मोडा, थ्रस्ट वॉशर त्यानेच जातात.

पहिलं तेल पुस्तकात सांगितलेल्या तासांना बदला, अनेक मॉडेलना ते ५० तास असतात. बेअरिंग फुटल्यानंतरचं काम असेल तर मी त्याच्या निम्म्यातच बदलेन. तो फिल्टरही उलगडून बघा. कितीही धुतलं तरी थोडी बारीक चकाकी पहिल्या फिल्टरात येऊ शकते. दुसऱ्या फिल्टरातही तेवढीच आली, किंवा गरम इंजिनाचं प्रेशर लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा उतरत चाललं, तर ट्रॅक्टर उभा करा, चेंबर उतरवा आणि पंपापासून सर्वात लांबचं एक मेन आणि एक रॉड एवढ्याच कॅप काढून शेल बघा. ठोका यायच्या आधी पकडलं तर क्रँक वाचतो.